पावती कुणाच्या नावाची?

पवई तलावावर गळ टाकून बसायचं तर आधी पैसे भरावे लागतात, ही गोष्ट आमच्या मुलुंडच्या वाडीत कितीतरी वर्षं चेष्टेचा विषय होती. मासा मिळेल याची खात्री नाही, उन्हात दिवसभर बसायचं, आणि वर पैसे आपणच द्यायचे! खाडीत पाग टाकणाऱ्या आणि पहिल्या पावसात ओढ्याला वलगण चढली की टोपल्या घेऊन धावणाऱ्या माणसांना यात शुद्ध वेडेपणा दिसायचा. "पैसे देऊनच मासा आणायचा तर बाजार काय ओस पडलाय?" असं माझी आजी म्हणायची, आणि तिला उत्तर देणं कुणालाच जमायचं नाही.

पवईचा तलाव मुळात पिण्याच्या पाण्यासाठी बांधला. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, तरी शहराची तहान भागेना म्हणून १८९१ च्या सुमारास मिठी नदीच्या खोऱ्यात पवईचा बांध घातला. पण त्याचं पाणी काही पिण्याच्या लायकीचं निघालं नाही. विहार-तुळशीचं पाणी आजही मुंबईच्या नळाला येतं. पवईच्या वाट्याला मासे आले. १९३६ साली काही हौशी मंडळींनी 'बॉम्बे प्रेसिडेन्सी अँग्लिंग असोसिएशन' काढली, तीच पुढे 'महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन' झाली. सभासदांनी वर्गणी भरायची, पाहुण्यांनी शुल्क द्यायचं आणि मग पाण्यातल्या मचाणावर जाऊन गरी टाकायची. मचाण म्हणजे तलावात रोवलेल्या खांबांवरची फळ्यांची बैठक. वाघाच्या शिकारीचा शब्द रोहू-कटल्यासाठी वापरलेला ऐकून मला तेव्हा फार थोर वाटायचं.

माझा या तलावाशी संबंध आला तो माझ्या वडिलांच्या कंपनीतल्या एका पारशी साहेबांमुळे. त्यांना सामान उचलायला एक पोरगा हवा असायचा आणि मला शाळा नको असायची. रविवारी पहाटे मुलुंडहून गाडी पकडून आम्ही तलावाकडे निघायचो. पवईला तेव्हा आयआयटी नुकती उभी राहत होती, संस्थेची स्थापना १९५८ ची. बाकी सगळं आंब्या-ताडांचं रान आणि मधूनमधून दगडाच्या खाणी. साहेबांचं सामान म्हणजे रीळ लावलेल्या दोन काठ्या, घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि आमिषाचे तीन-चार डबे. त्या डब्यांत काय आहे हे शेजारच्या मचाणावरच्या माणसाला कळता कामा नये. कणीक आणि पेंड सगळेच मळायचे, पण त्यात कोण काय मिसळतो यावर तिथे अबोले धरले जात. एक बंगाली गृहस्थ मुंग्यांची अंडी आणायचे, त्यांच्याकडे सगळे संशयाने बघत. गावठाणातले ईस्ट इंडियन, गोव्याकडचे दोघे-तिघे, रेल्वेतले एक मराठी हेडक्लार्क, आणि पारशी तर होतेच. मासा क्वचित लागायचा. लागला की सगळ्याच मचाणांवरचे सल्ले एकदम सुरू व्हायचे.

एका रविवारी काठावरच्या एका नाल्यातून काळपट पाणी येताना दिसलं. साहेब खुर्चीतून उठले, काठी माझ्या हातात दिली आणि तडक क्लबघराकडे गेले. अर्ध्या तासाने परत आले तेव्हा त्यांच्यामागे राखणदार आणि चिटणीस दोघेही होते, आणि तिघे नाल्याच्या कडेने वर चढत गेले. मी नंतर विचारलं, "साहेब, तुम्हाला काय करायचंय? तलाव तर म्युनिसिपालटीचा ना?" ते म्हणाले, "पैसा आपण भरतो नी? मग बोलायचा हक्क पण आपलाच हाय." हे वाक्य त्या वयात मला श्रीमंतांचा माज वाटलं होतं.

पण भरलेला पैसा तिथे खरोखर डोळ्यांसमोर पाण्यात पडायचा. पावसाळ्यात माशांची पिल्लं सोडायची, रात्री जाळी टाकणाऱ्यांवर पाळत ठेवायला माणसं नेमायची, मचाणं दुरुस्त करायची, सगळा खर्च त्या वर्गणीतूनच. पिल्लं सोडायच्या दिवशी सभासद बायकामुलांसकट हजर. डबे पाण्यात उपडे व्हायचे आणि म्हातारे म्हातारे लोक गुडघाभर पाण्यात उभे राहून ती नखाएवढी पिल्लं कुठे जातात ते बघत बसायचे. त्या पिल्लांवर आपलं नाव लिहिलेलं आहे असाच त्यांचा चेहरा असे. मासा आपण वाढवायचा, राखायचा आणि मग आपणच धरायचा. आजीला हे हिशेबात बसणारं नव्हतंच, पण हिशेब चोख होता.

आमच्या चाळीत याच जातकुळीचे आणखी एक गृहस्थ होते. त्यांना आम्ही बंदूकवाले काका म्हणायचो. दिवसा फोर्टातल्या कचेरीत कारकुनी आणि थंडीत दर रविवारी बाराची बंदूक खांद्याला लावून पाणलावे मारायला. मुलुंड महापालिकेत आलं १९५७ साली, पण त्यानंतरही बरीच वर्षं ते गावच होतं. पूर्वेला भातखाचरं, त्यापलीकडे मिठागरं, मग तिवरं आणि खाडी. भात कापून झालं की ओलसर खाचरांत पाणलावे उतरायचे, मिठागरांच्या कुंड्यांत बदकं. काकांच्या ट्रंकेत दोन कागद एका तेलकट पिशवीत जपून ठेवलेले असत. एक बंदुकीचा परवाना, तो पोलिसांचा. दुसरा शिकारीचा, तो १९५१ च्या मुंबई वन्यपशू आणि वन्यपक्षी संरक्षण कायद्याखालचा. कुठला पक्षी कधी मारायचा, किती मारायचे, कुठला अजिबात मारायचा नाही, हे सगळं कायद्याने ठरलेलं. मोसमाच्या आधी काका रजा टाकून फी भरून यायचे आणि पावती घरातल्या सगळ्यांना दाखवायचे. काकू म्हणायच्या, "पोरांच्या फीची पावती कधी एवढ्या कौतुकाने दाखवली नाही."

या कायद्याच्या मसुद्यामागे हुमायून अब्दुलअलींसारखी माणसं होती, हे माझ्या फार उशिरा वाचनात आलं. अब्दुलअली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, पक्ष्यांचे जाणकार, आणि स्वतः पाणलाव्यांचे नि बदकांचे शिकारी. त्यांनी सलीम अलींबरोबर 'मुंबई आणि साष्टीचे पक्षी' ही लेखमाला सोसायटीच्या नियतकालिकात लिहिली ती १९३६ ते १९३९ या काळात. म्हणजे पवईत गळ पडायला लागले आणि उपनगरातल्या पाखरांची नोंद सुरू झाली ती एकाच सुमाराला. सलीम अलींचंही तेच. सुट्टीत चेंबूरच्या घरी येऊन, एअरगन घेऊन रानात हिंडणारा हा मुलगा. १९०८ साली त्याने मारलेली एक वेगळीच, पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घेण्यासाठी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे नेली आणि तिथून पुढचा सगळा इतिहास. १८८३ मध्ये सोसायटी स्थापन झाली तेव्हापासून तिच्यात बंदूक आणि वही एकाच हातात असलेली माणसं भरपूर होती. आपल्या व्यंकटेश माडगूळकरांना तरी शिकारीचा नाद कुठे कमी होता? प्राणी ज्यांनी बारकाईने पाहिले त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते आधी नेम धरून पाहिले होते. आज हे सांगायलाही जरा चोरट्यासारखं वाटतं.

परवाना होता म्हणून सगळं आलबेल होतं असं मात्र नाही. साष्टीतला वाघ परवान्याच्याच काळात संपला. १९२९ च्या जानेवारीत विहार तलावाजवळ एक वाघ मारला गेला, त्यानंतर इथला वाघ फक्त गोष्टींत उरला. स्वातंत्र्यानंतर तर मोठ्या शिकारीचा धंदाच झाला. विदर्भ-मध्य प्रदेशातल्या जंगलांचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत, ते पंधरा-पंधरा दिवसांसाठी आरक्षित व्हायचे आणि अमेरिकेहून आलेले पाहुणे डॉलर मोजून वाघ घेऊन जायचे. नागपूरची 'ऑल्विन कूपर' ही त्यातली नावाजलेली कंपनी. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल तिचे संस्थापक. फी भरपूर, परकीय चलन भरपूर, आणि वाघ मात्र संपत आलेले. पैसे भरणारा माणूस राखण करतो हे पवईच्या रोहूपुरतं खरं होतं. पंधरा दिवसांचा पाहुणा कशाला राखण करील?

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, तरी त्यात विशेष शिकार, मोठी शिकार, छोटी शिकार अशा परवान्यांच्या पायऱ्या होत्याच. १९९१ च्या दुरुस्तीने त्या पायऱ्याच काढून टाकल्या. बंदूकवाले काका तोवर थकले होते. त्यांच्या खाचरांवर सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या आणि पाणलावा कायद्याने वाचला तरी त्याला उतरायला चिखल शिल्लक नव्हता. बंदूक त्यांनी पोलिसांत जमा केली. परवान्यांची ती तेलकट पिशवी मुलाने रद्दीत घातली तेव्हा मात्र ते दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

हे सगळं माझ्या डोक्यात पुन्हा जागं झालं ते भाच्यामुळे. तो मिशिगनमध्ये असतो. तिकडच्या तळ्यावर मासे धरतानाचा फोटो त्याने पाठवला, तर छातीशी मासा आणि दुसऱ्या हातात कसलासा कागद. मी फोनवर विचारलं, हा कागद कसला? म्हणाला, "लायसन्स, मामा. वर्षाचं असतं. हे पैसे राज्याच्या वन्यजीव खात्यालाच जातात. त्यातूनच मासे सोडतात." मला एकदम मचाणं आठवली. मग वाचत गेलो. तिकडे १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याने दरवर्षी एक तिकीट विकत घ्यायचं, त्या पैशांतून पाणथळी राखायच्या. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसं यांच्यावरचा ११ टक्के कर थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांना. वाटणी कशी? निम्मी राज्याच्या क्षेत्रफळावर आणि निम्मी परवानाधारकांच्या संख्येवर. आणि अट एकच पण कडक: परवान्यांच्या फीचा पैसा राज्याने दुसरीकडे वळवायचा नाही. वळवला तर केंद्राकडून येणारा वाटा बंद. १९५० मध्ये गळ, रीळ, काठ्या यांनाही तोच न्याय लागू झाला. हरणं, टर्की, बदकं परत आली ती बऱ्याच अंशी या पैशावर.

पण तिकडेही आता पंचाईत आहे. १९९१ मध्ये तिथे १ कोटी ४१ लाख शिकारी होते, २०१६ च्या पाहणीत १ कोटी १५ लाख. म्हातारे जातात, तरुण येत नाहीत, आणि खात्याचं उत्पन्न त्यांच्याबरोबर आटतं. दुर्बीण घेऊन हिंडणारे वाढले, पण दुर्बिणीवर तसा कर नाही. तो बसवावा असं नव्वदच्या दशकात घाटत होतं, पण दुर्बिणी, तंबू आणि पाठपिशव्या विकणाऱ्यांनी तो हाणून पाडला. प्राणी मारणारा पैसे देत होता आणि प्राणी बघणारा फुकट बघतो, असा हा तिढा.

आमच्याकडे मारणारा राहिलाच नाही. मग इथे पैसे देतं कोण?

निवृत्तीनंतर मी बोरिवलीला मुलाकडे राहायला आलो. राष्ट्रीय उद्यानाचं फाटक चालत दहा मिनिटांवर. हे उद्यान सुरुवातीला कृष्णगिरी म्हणून जेमतेम वीस चौरस किलोमीटरचं होतं, मग बोरिवली झालं, मग संजय गांधी, आणि आता १०४ चौरस किलोमीटर. आम्ही मुलुंडकर त्याच्या मागच्या अंगाला राहायचो, आमच्या लेखी ते 'डोंगर' एवढंच होतं. तिकीट नाही, फाटक नाही, करवंदांच्या दिवसांत वर चढायचं आणि संध्याकाळी ओरबाडलेले पाय घेऊन खाली यायचं. बोरिवलीकडून जाणाऱ्यांना तिकीट पडायचं, ते नाण्यांत भागायचं, आणि आत 'वनराणी' नावाची खेळण्यातली आगगाडी असायची. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तिच्या रुळांची वाताहत झाली आणि ती बंद पडली. माझी नात तेव्हा दोन दिवस रडत होती. आता माणशी तिकीट शंभराच्या घरात गेलं आहे. मोटार आत न्यायची तर वेगळे, सफारीचे वेगळे, नावेचे वेगळे. कान्हेरी लेण्यांपाशी पोहोचलात की पुन्हा एक खिडकी, ती केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची. एकाच डोंगराचे पैसे दोन तिजोऱ्यांत.

आणि दत्तक योजना. उद्यानातल्या पिंजऱ्यांतले प्राणी वर्षभरासाठी दत्तक घेता येतात. वाघाला तीन लाखांच्या वर, बिबळ्याला लाखाच्या वर, चितळाला वीस हजार, भेकराला दहा हजार, असे दर वर्तमानपत्रांत वाचलेले आठवतात. रामदास आठवल्यांनी बिबळ्या दत्तक घेतल्याची बातमीही वाचली आणि तिच्यावर त्यांची एखादी कविता कशी छापली नाही याचं नवल वाटलं. पैसे देणाऱ्याचं नाव पिंजऱ्यावरच्या पाटीवर लागतं. हा जरा काकांच्या पावतीसारखाच आनंद असावा. फरक एवढाच की काकांना पाणलावा कुठल्या खाचरात आहे हे शोधावं लागे, आणि दत्तक बिबळ्याचा पत्ता पाटीवरच असतो. जो बिबळ्या रात्री मुलुंडच्या सोसायटीच्या भिंतीवरून उतरून कुत्रं उचलतो, त्याला मात्र कुणी दत्तक घेत नाही. २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी माणसांवर हल्ले झाले तेव्हा शहर त्याच्या जिवावर उठलं होतं. मग २०११ पासून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' या मोहिमेतून वनखातं, अभ्यासक आणि स्वयंसेवक सोसायट्या-पाड्यांतून हिंडून सांगू लागले, कचरा उचला, पोरांना रात्री एकटं सोडू नका, त्याला घेरू नका. कॅमेऱ्यांनी केलेल्या मोजणीत २०१५ साली पस्तीस बिबळे होते, २०१८ साली सत्तेचाळीस. वारली पाड्यांवर वाघोबाचं देऊळ आहे, तिथे वाघबारशीला नैवेद्य पूर्वीपासून जातोच. त्याची पावती कुणी फाडत नाही.

त्या पाड्यांचा आणि आमच्या परवान्यांचा संबंध कधीच नव्हता. परवाना काढायला फोर्टात जाणं, बाबूला इंग्रजीत अर्ज देणं, फी भरणं हे बंदूकवाल्या काकांना जमायचं, डोंगरातल्या महादेव कोळ्याला कुठून जमणार? तो वलगणीचे मासे, ओढ्यातले खेकडे, एखादा ससा धरायचा तो बापजाद्यांच्या हक्काने, आणि कायद्याच्या नजरेत तो चोर ठरायचा. परवान्याची पद्धत कितीही गोड आठवली तरी ती पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांसाठी होती, हे मला मान्य करावंच लागतं. पुढे १९९५ मध्ये उद्यानातल्या झोपड्यांविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका गेली, १९९७ मध्ये आदेश झाले, बुलडोझर आले. पात्र ठरलेल्या झोपडीधारकांना चांदिवलीला पर्यायी घर मिळवायचं तर सात हजार रुपये भरायचे होते. अनेकांकडे ते नव्हते. जंगल वाचवायला मुंबईत रोख पैसे कुणी मोजले असा हिशेब मांडला तर त्यात मोलकरणीचे आणि रिक्षावाल्याचे सात हजारही धरावे लागतील.

आता जंगलासाठी मोठा पैसा येतो तो आणखी निराळ्या वाटेने. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे उद्यानाच्या पोटातून चालले आहेत, जवळपास पावणेपाच किलोमीटरचे. ठाणे-बोरिवली बोगदा त्याहून मोठा. वनजमीन वळवली की तिची किंमत वनखात्याच्या पर्यायी वनीकरण निधीत भरावी लागते. २०१६ च्या कायद्याने त्यातला नव्वद टक्के वाटा राज्याकडे येतो. खाडीकडे तिवरांचंही तसंच. तिवरांसाठी २०१२ मध्ये स्वतंत्र कक्ष झाला, त्याच्यामागे प्रतिष्ठान उभं राहिलं, ऐरोलीला रोहितपक्षी दाखवायला बोटी निघाल्या. २०१५ मध्ये ठाणे खाडीचं रोहितपक्षी अभयारण्य झालं, आमच्या मुलुंड-भांडुपच्या मिठागरांना लागून. काका जिथे बदकांवर नेम धरत तिथे आता लोक तिकीट काढून लाल पंखांचे फोटो घेतात. काम चांगलं आहे, त्यात वाद नाही. पण निधीची गंमत बघा. काकांची फी पाणलावे टिकले तरच दरवर्षी येणार होती. बोगद्याचा पैसा एकदाच येतो, आणि तो जंगल तुटतं म्हणून येतो. शिवाय त्यातून लावायची झाडं दूरच्या कुठल्या जिल्ह्यात लागली तरी नियमात बसतात. मुलुंडच्या डोंगराला ती सावली देणार नाहीत.

व्याघ्र प्रकल्पांचं मात्र जरा बरं आहे. २००६ च्या दुरुस्तीपासून ताडोबा-मेळघाटला आपापली व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानं आहेत, पर्यटकांच्या फाटकावरचा पैसा त्यांच्याकडे जमा होतो आणि तिथेच, आसपासच्या गावांत खर्च करता येतो. वाघ दिसले की गाड्या येतात, गाड्या आल्या की गावात पैसा येतो, म्हणून गावाला वाघ हवा असतो. मिशिगनच्या भाच्याचं लायसन्स आणि चंद्रपूरच्या जिप्सीचं तिकीट यांत मला फारसा फरक दिसत नाही; इथे बंदूक नाही, हाच काय तो, आणि तो आपल्या बाजूचा फरक आहे. बोरिवलीच्या बिबळ्याला ती सोय नाही, कारण तो वाघ नाही.

पवईला मध्यंतरी मुद्दाम जाऊन आलो. हिरानंदानीचे मनोरे तलावात पाय सोडून बसल्यासारखे दिसतात. पाण्यावर जलपर्णीचा गालिचा, मधूनमधून मोकळं पाणी, एका दगडावर मगर ऊन खात पडलेली. असोसिएशन अजून आहे, गळ टाकणारेही थोडे आहेत. महापालिकेने काठावर सायकलचा ट्रॅक बांधायला घेतला होता, तो मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. त्यासाठी कोर्टात गेली ती शहरातली तरुण मुलं. त्यांच्यापैकी कुणी आयुष्यात गरी टाकली असेल असं मला वाटत नाही. म्हणजे हक्काने बोलायला आधी पैसे भरलेलेच असावे लागतात, हा आमच्या पारशी साहेबांचा सिद्धांत निदान पवईत तरी पूर्ण टिकला नाही. ते असते तर म्हणाले असते, "कोर्टाची फी भरली नी?"

परवा सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर मी हा सगळा विषय काढला. आमच्यात बहुतेकांकडे उद्यानाचे पास आहेत आणि पासाचे दर वाढले की दरवर्षी आठवडाभर निषेध चालतो. मी म्हटलं, दर वाढले तर वाढू देत, पण आपण विचारायला हवं की आपल्या पासाच्या पैशांतून या फाटकाच्या आत किती राहतं. वनरक्षकाचा रात्रीचा टॉर्च, पाणवठ्याची दुरुस्ती, पाड्यावरची एखादी विहीर, काहीतरी. एक निवृत्त बँकवाले म्हणाले, सरकारी फी सरकारी तिजोरीत जाते, ती पुन्हा अर्थसंकल्पातून येते, एवढं तुम्हाला कळत नाही का? मी म्हटलं, कळतं, पण मिशिगनमध्ये त्यांनी तसं होऊ दिलं नाही ना.

मग मी भीत भीत दुर्बिणीचा मुद्दा काढला. आमच्या कट्ट्यावर तीन पक्षीनिरीक्षक आहेत, तिघांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यांची किंमत माझ्या निवृत्तीच्या फंडाच्या अर्धी भरेल. भिंगावर दोन टक्के, थेट उद्यानाला, मी म्हटलं. तिघेही एकदम उसळले. आम्ही कुठे काही मारतो? आम्ही नोंदी करतो, खात्याला माहिती देतो, आम्हालाच उलट पैसे मिळायला हवेत. बँकवाले त्यांच्या बाजूने गेले, कारण त्यांच्या जावयाने नुकताच तसला कॅमेरा घेतला आहे. मी एकटा पडलो. शेवटी नेहमीप्रमाणे विषय चहावर गेला आणि आजचे पैसे कुणी द्यायचे यावर पुन्हा तेवढीच चर्चा झाली.